‘सुटणे’ कळतं ना? मग ‘गो ऑफ’ही कळेल : अनेक अर्थांची इंग्रजी फ्रेझल व्हर्ब्ज शिकण्याची रीत

दिंडोरीच्या बाजूला द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये काम करणारा एक मुलगा नाशिकमधल्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येतो. फेब्रुवारीत, ऐन हंगामात, त्याला परदेशी खरेदीदाराच्या माणसाचा मेसेज आला : ‘टुमॉरोज इन्स्पेक्शन हॅज बीन कॉल्ड ऑफ.’ त्यानं ‘कॉल्ड’ वाचलं आणि त्याच्या डोक्यात बसलं, की तपासणीला माणूस बोलावलाय. सकाळी लवकर बायका बागेत गेल्या, दुपारपर्यंत क्रेट भरून पॅकहाऊसमध्ये आले, आणि तपासायला कुणी येणारच नव्हतं. तपासणी रद्द झाली होती. शीतगृहात जागा होती म्हणून माल वाचला, पण मालकाची बोलणी खावी लागली ती लागलीच. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, ‘मॅडम, कॉल्ड दिसलं तेवढंच वाचलं. ऑफकडे बघितलंच नाही.’

आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांचं इथेच अडतं. ‘कॉल’ माहीत असतो, ‘ऑफ’ माहीत असतो, दोन्ही एकत्र आले की तिसराच अर्थ निघतो. क्रियापदाला असा ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’, ‘डाउन’ जोडला आणि मिळून वेगळा अर्थ झाला, की त्याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. आमच्या वर्गात आम्ही त्या मागच्या शब्दाला शेपूट म्हणतो. या लेखातही तोच शब्द वापरते.

बाजारात ‘पाचशे फ्रेझल व्हर्ब्ज अर्थासह’ अशा याद्या भरपूर मिळतात. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं त्याच याद्या मुलांना पाठ करायला दिल्या. मुलं पाठ करायची, परीक्षेत लिहायची, आणि महिन्याभरात सगळं पुसलं जायचं. कारण यादीत ‘टेक ऑफ’पुढे सहा अर्थ असतात, पण आत्ता समोरच्या वाक्यात त्यातला कुठला घ्यायचा, हे यादी सांगत नाही. ते ओळखायची रीत शिकायला हवी, आणि ती रीत आपल्याला मराठीतून आधीच येते.

आधी मराठीतलं ‘सुटणे’ नीट बघा

शाळा सुटली, म्हणजे संपली. गाडी सुटली, म्हणजे निघाली. एकच क्रियापद, एकदा शेवट आणि एकदा सुरुवात. ‘माझी पंचवटी सुटली’ असं नाशिकरोडच्या फलाटावर कुणी धापा टाकत म्हणालं, तर गाडी चुकली. वारा सुटला म्हणजे वाहायला लागला, दारू सुटली म्हणजे बंद झाली. घाम सुटतो, पोट सुटतं, गणित सुटतं, बाण सुटतो, तोल सुटतो. सहा वर्षांचं पोरही यात गोंधळत नाही. ते ‘सुटणे’चा अर्थ आठवत बसत नाही, काय सुटलं ते बघतं.

आता इंग्रजी ‘गो ऑफ’ घ्या. ‘द अलार्म वेन्ट ऑफ’ म्हणजे गजर वाजला. ‘द लाइट्स वेन्ट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. एकीकडे सुरू होणं, दुसरीकडे बंद होणं, म्हणून मुलं वैतागतात. पण शाळा आणि गाडीचं उदाहरण फळ्यावर लिहिलं, की चेहरे बदलतात. ‘द गन वेन्ट ऑफ’ : गोळी सुटली. इथे तर मराठी शब्दही तोच. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ : दूध नासलं, म्हणजे चांगल्या अवस्थेतून सुटलं. ‘आय हॅव गॉन ऑफ टी’ : चहावरची वासना उडाली. दाबून किंवा धरून ठेवलेलं काहीतरी पकडीतून सुटतंय, ही एक ओळ सगळ्यांच्या खालून वाहते. चावीच्या घड्याळातला गजर असाच अडवलेला असतो; ठरलेल्या वेळी अडसर निघतो आणि तो सुटतो.

म्हणून पहिली पायरी : क्रियापदावर थांबू नका. कर्ता कोण आणि कर्म काय, हे आधी बोटानं दाखवा. खरंच बोट ठेवा, पेन्सिलनं अधोरेखित करा. मग अर्थ लावा.

एक शब्द घेऊन पूर्ण उलगडून बघू

‘टेक ऑफ’ घेते, कारण नाशिककरांना तो ओझरमुळे जवळचा आहे. 1964 पासून तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे. ‘द प्लेन टुक ऑफ’ : विमानानं उड्डाण केलं. कर्ता विमान, कर्म नाही. ‘टेक ऑफ युवर शूज’ : चपला-बूट काढा. कर्ता माणूस, कर्म अंगावरची वस्तू. ‘शी टुक मंडे ऑफ’ : सोमवारी रजा घेतली. कर्म दिवस. ‘हिज बिझनेस टुक ऑफ’ : धंद्यानं जोर धरला. कर्ता धंदा, कर्म नाही. विमानासारखीच रचना, म्हणून अर्थही विमानासारखाच वर जाणारा. ‘ही टेक्स ऑफ द बॉस’ : तो साहेबांची हुबेहूब नक्कल करतो. कर्म माणूस.

हा शेवटचा अर्थ मुलांना नवीन वाटतो, पण विमानाच्या अर्थापेक्षा तो जुना आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 मध्ये इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलंय, की क्रियापदाला असे छोटे शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत परक्या माणसाला सगळ्यात अवघड जाते. तिथे उदाहरणांमध्ये ‘टेक ऑफ’ आहे, आणि अर्थ दिलाय नक्कल करणे. विमान यायला अजून दीडशे वर्षं होती. तुम्हाला ही क्रियापदं जड जात असतील, तर इंग्रजी कोशकारानंच अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी हे मान्य करून ठेवलंय, एवढं लक्षात असू द्या.

अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात असलेल्या माझ्या विद्यार्थिनीला ऑनलाइन मीटिंगमध्ये विचारलं गेलं, ‘कुड यू ब्रेक डाउन द कॉस्ट फॉर मी?’ तिनं ‘ब्रेकडाउन’ ऐकलं आणि मशीन बंद नसल्याचं सांगायला लागली. चूक स्वाभाविक होती. कारखान्यात दिवसभर तोच अर्थ कानावर पडतो. पण कर्म होतं ‘कॉस्ट’. खर्च मोडत नाही, खर्चाची फोड होते. कर्ता मशीन किंवा गाडी : बंद पडणे. कर्ता माणूस : रडू कोसळणे. कर्ता बोलणी : फिसकटणे. कर्म खर्च, आकडे, काम : फोड करून सांगणे. तिनं ही चार वाक्यं चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवली. मला ती रीत फार आवडली.

शेपटीला मराठी जोडीदार शोधा

मराठीत आपण ‘खा’ म्हणतो आणि ‘खाऊन टाक’ही म्हणतो. ‘टाक’मध्ये टाकण्याचं काही नाही, काम पुरतं संपव, एवढंच ते सांगतं. इंग्रजीची शेपटं पुष्कळदा हेच काम करतात.

‘अप’चा एक मोठा गट म्हणजे आपलं ‘टाकणे’. ईट अप : खाऊन टाक. यूज अप : वापरून संपव. टेअर अप : फाडून टाक. दुसरा गट वर येण्याचा. ‘ब्रिंग अप’ म्हणजे विषय काढणे, ‘कम अप’ म्हणजे विषय निघणे. ‘ही टर्न्ड अप ॲट नून’चं भाषांतर मी ‘तो बारा वाजता उगवला’ असं करते, आणि वर्गात कुणालाही ते पुन्हा समजवावं लागत नाही.

‘आऊट’ला ‘काढणे’ आणि ‘निघणे’ लावून बघा. फाइंड आऊट : शोधून काढणे. वर्क आऊट : हिशेब काढणे, मार्ग काढणे. ‘ही टर्न्ड आऊट टू बी अ चीट’ : तो लबाड निघाला. यापेक्षा जवळचं भाषांतर मला दिसत नाही. ‘वर्क आऊट’चा व्यायामाचा अर्थ मात्र वेगळा लक्षात ठेवावा लागतो.

‘डाउन’ म्हणजे बऱ्याचदा ‘बसणे’. धुरळा बसतो, संसाराची घडी बसते : सेटल डाउन. दुकान बसतं : क्लोज डाउन. इंजिन बसतं : ब्रेक डाउन. ‘टर्न डाउन’ जरा निराळा आहे. कर्म टीव्ही असेल तर आवाज कमी करणे, आणि स्थळ, नोकरी, प्रस्ताव असेल तर नकार देणे.

‘ऑन’ म्हणजे ‘करत राहणे’ : कॅरी ऑन, कीप ऑन. आणि ‘लावणे’ : टर्न ऑन, स्विच ऑन. इथे एक सवय मोडावी लागते. घरात आपण ‘फॅन ऑफ कर’ म्हणतो आणि ते मराठीत चालून जातं. इंग्रजीत बोलताना तेच ‘ऑफ द फॅन’ होतं, ते चुकीचं आहे. ‘ऑफ’ हे शेपूट आहे, त्याला धड लागतं : टर्न ऑफ द फॅन.

‘ऑफ’चं ‘सुटणे’ वर आलंच. ‘कॉल ऑफ’मध्येही तेच. मालक अंगावर धावून गेलेल्या कुत्र्याला हाक मारून मागे घेतो, त्यालाही इंग्रजीत ‘कॉल ऑफ’ म्हणतात. धरलेलं सोडायला लावायचं, म्हणजे रद्द.

ही जोडी दर वेळी लागत नाही, हे स्पष्ट सांगते. ‘पुट अप विथ’ म्हणजे खपवून घेणे. यात ‘अप’ला कुठलाही जोडीदार बसत नाही. अशी क्रियापदं मराठी वाक्प्रचारासारखी अख्खी घ्यावीत. ‘नाकी नऊ येणे’मधले नऊ आपण कधी मोजत नाही.

‘इट’ मध्ये की शेवटी?

अर्थ कळला तरी वाक्य चुकतं ते इथे. ‘पिक अप द बॉक्स’ बरोबर, ‘पिक द बॉक्स अप’ही बरोबर. पण ‘बॉक्स’च्या जागी ‘इट’ आलं, की एकच रचना उरते : ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ चूक. इट, देम, हिम, हर असे छोटे शब्द मध्येच बसतात.

काही क्रियापदं मात्र फोडता येत नाहीत. ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे. ‘लुक आफ्टर हिम’ म्हणायचं, ‘लुक हिम आफ्टर’ नाही. ओळखायचं कसं? शेपूट अप, आऊट, डाउन, अवे, बॅक असेल आणि कर्म असेल, तर बहुधा फोडता येतं. शेपूट आफ्टर, फॉर, इन्टू, ॲट, विथ असेल, तर बहुधा येत नाही. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ दोन्हीकडे असतात. ‘टेक इट ऑफ’ चालतं, पण बसमधून उतरण्याचं ‘गेट ऑफ द बस’ फोडता येत नाही. पुट अप विथ, रन आऊट ऑफ, लुक फॉरवर्ड टू या तीन शब्दांच्या क्रियापदांत कर्म शेवटीच येतं.

शंका आली तर विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी फ्रेझल व्हर्ब्ज वेगळी दिलेली असतात. ‘समथिंग’ किंवा ‘समबडी’ यांचं संक्षिप्त रूप क्रियापद आणि शेपूट यांच्या मध्ये छापलेलं दिसलं, तर फोडता येतं. फक्त शेवटी दिसलं, तर येत नाही. एवढी साधी खूण असूनही वर्षानुवर्षं कोश वापरणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटते.

‘लुक फॉरवर्ड टू’बद्दल नोकरीचे अर्ज लिहिणाऱ्यांना कळकळीची सूचना : पुढे ‘आयएनजी’चं रूप लिहा. ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ‘टू मीट यू’ नाही.

‘पास आऊट’बद्दल सावध

त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. तिथे प्रशिक्षण पूर्ण झालेल्या उपनिरीक्षकांचं दीक्षान्त संचलन होतं, त्याला ‘पासिंग आऊट परेड’ म्हणतात. लष्करी आणि पोलिसी प्रशिक्षणापुरता हा अर्थ ब्रिटिश इंग्रजीत अगदी शुद्ध आहे. भारतात आपण तो कॉलेजलाही लावला : ‘आय पास्ड आऊट इन 2019’. देशात सगळ्यांना कळतं. परदेशी मुलाखतकाराच्या डोक्यात मात्र पहिला अर्थ येतो तो चक्कर येऊन पडण्याचा. त्यांच्याशी बोलताना ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. अमेरिकेत याचा आणखी एक अर्थ आहे, वाटणे : ‘पास आऊट द पेपर्स’. इथेही कर्म बघितलं की गोंधळ होत नाही. कागद वाटले जातात, त्यांना चक्कर येत नाही.

याच प्रकारचं एक म्हणजे ‘कोप अप विथ’. यात ‘अप’ आपण घातलेला आहे. मूळ ‘कोप विथ’ एवढंच.

कुठे वापरायचं, कुठे टाळायचं

मराठीत नोटिशीवर ‘सभा तहकूब करण्यात येत आहे’ असतं, आणि घरी आपण ‘मीटिंग पुढे ढकलली’ म्हणतो. इंग्रजीतही तसंच. ‘पोस्टपोन’ कागदावरचं, ‘पुट ऑफ’ बोलण्यातलं. ‘टॉलरेट’ आणि ‘पुट अप विथ’, ‘इन्व्हेस्टिगेट’ आणि ‘लुक इन्टू’ या जोड्या अशाच. आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो, म्हणून चहाच्या टपरीवरही नोटिशीच्या भाषेत बोलतो. ते चूक नाही, पण समोरच्याला परकं वाटतं. फोनवर, मीटिंगमध्ये, सहकाऱ्याच्या मेसेजमध्ये फ्रेझल व्हर्ब वापरा. करारात आणि तक्रारअर्जात एका शब्दाचं क्रियापद बरं, त्यात दुसरा अर्थ शिरायला वाव कमी.

उच्चाराचं थोडक्यात. क्रियापद असेल तर जोर बहुधा शेपटीवर : पिक ‘अप’. नाम असेल तर सुरुवातीला : ‘पिक’अप. ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणताना आपला जोर पुढेच असतो, तो नामाचा. लिहितानाही नाम सहसा एकत्र किंवा मधल्या रेघेनं जोडून येतं आणि क्रियापद दोन शब्दांत. म्हणून ‘लॉगिन’चा भूतकाळ ‘लॉगिन्ड’ होत नाही, ‘लॉग्ड इन’ होतो.

वही कशी ठेवायची

दोनशे पानी साधी वही. एका पानावर एकच फ्रेझल व्हर्ब, मग पान अर्धं रिकामं राहिलं तरी चालेल. वर क्रियापद, आणि खाली अर्थांची यादी लिहायची नाही. वाक्य लिहायचं, स्वतःच्या आयुष्यातलं. कर्ता आणि कर्म अधोरेखित करायचं. शेजारी मराठी क्रियापद. तारीख. नवा अर्थ भेटला की त्याच पानावर दुसरं वाक्य. पॅकहाऊसमधल्या त्या मुलाचं ‘पिक अप’चं पान मी पाहिलंय. ट्रकनं माल उचलला, बहिणीला सीबीएस बसस्थानकावरून आणलं, केरळच्या ड्रायव्हरनं मराठी उचलली, मार्चमध्ये मागणीनं उचल खाल्ली. चार वाक्यं चार महिन्यांत जमली, आणि चारही ठिकाणी त्यानं ‘उचल’ किंवा ‘आणणे’ लिहिलं होतं. मी शिकवून हे इतकं नेमकं झालं नसतं.

वेग कमी ठेवा. आठवड्याला तीन पुरेत. सुरुवात गो, टेक, पुट, टर्न, पिक, ब्रेक, लुक, गेट यांच्यापासून करा. ‘गेट’ शेवटी घ्या, तो सगळ्यात पसरट आहे. ज्यांना घरी शांतता मिळत नाही त्यांनी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसावं. 1840 पासूनची ही संस्था आपल्या गावात आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

आता हे करून बघा

उत्तरं खाली आहेत, ती हातानं झाका. प्रत्येक वाक्यात आधी कर्ता आणि कर्म शोधा.

‘द टेम्पो ब्रोक डाउन इन कसारा घाट.’
‘शी टर्न्ड डाउन द जॉब इन पुणे.’
‘वी हॅव रन आऊट ऑफ क्रेट्स.’
‘थाउजंड्स टर्न्ड आऊट फॉर द कुंभमेळा.’
‘द रेन डिड नॉट लेट अप, सो दे पुट ऑफ द हार्वेस्ट.’

पहिलं : टेम्पो घाटात बंद पडला. दुसरं : तिनं पुण्याची नोकरी नाकारली. तिसरं : क्रेट संपले. चौथ्यात ‘निघणे’ लावलं असेल तर ‘हजारो लोक निघाले’ इथपर्यंत बरोबर पोचलात. नीट मराठीत, कुंभमेळ्याला हजारो लोक लोटले. पाचव्यात ‘लेट अप’ मुद्दाम न शिकवलेला घातला. कर्ता पाऊस, सोबत नकार, आणि परिणाम असा की काढणी झाली नाही. पावसानं उघडीप दिली नाही, म्हणून त्यांनी काढणी पुढे ढकलली. शेवटी ‘रद्द केली’ लिहिलं असेल, तर ‘पुट’खाली एक रेघ मारा आणि ‘कॉल ऑफ’चं वाक्य त्याच्या शेजारी लिहून दोन्ही पुन्हा वाचा.